विसर्जन न होणाऱ्या मूर्तींसाठी

आमच्याकडे गणपती सांगायला जाताना पाट घेऊन जायची पद्धत आहे. वडील न्यायचे, आता मी नेतो. पाटाच्या खालच्या बाजूला खडूने आडनाव लिहायचं, कारखान्यात नेऊन ठेवायचा, मूर्तिकाराशी चार इकडच्या तिकडच्या गप्पा मारायच्या आणि उंची तेवढी सांगायची. बाकी काही सांगावं लागत नाही. पेणमध्ये राहून मूर्तिकाराला गणपती कसा हवा ते समजावणं म्हणजे आळंदीत जाऊन हरिपाठ शिकवण्यासारखंच आहे.

या वर्षी आषाढात असाच पाट घेऊन गेलो. बाहेर पाऊस कोसळत होता. आत मांडणीवर ओळीने कच्च्या मूर्ती. काही पांढऱ्या, काही शाडूच्या राखाडी. एका कोपऱ्यात तीन बायका पितांबर रंगवत बसल्या होत्या. आमचा मूर्तिकार म्हणजे माझ्या मुलाच्या वयाचा तरुण. वडिलांच्या मागे त्याने कारखाना सांभाळला. मी गेलो तेव्हा तो डोळ्यांची आखणी करत होता, म्हणून मी मुकाट्याने बाजूला उभा राहिलो. आखणी चालू असताना बोलायचं नाही, हे लहानपणी वडिलांची एक टप्पल खाऊन शिकलो आहे.

पाट कुठे ठेवायचा म्हणून मागच्या पडवीत डोकावलो, तर निळ्या प्लॅस्टिकखाली काहीतरी झाकलेलं. विचारलं, तर तो जरा संकोचला. मग हात पुसत आला आणि प्लॅस्टिक बाजूला केलं. काळ्या दगडातली एक बाई. अडीच फुटांची असेल. डोक्यावर मिठाची टोपली, एक हात टोपलीला, दुसरा कमरेवर. पावलं अजून दगडातच अडकलेली. नाक-डोळे असे कोरलेले नव्हते. पण उन्हाने बारीक झालेले डोळे जाणवत होते, आणि मानेच्या ताठपणावरून टोपलीचं वजन समजत होतं. दगड कुठला, तर शेजारचा जुना वाडा पाडला त्याच्या जोत्याचा. इमारतीवाल्याने फुकट दिला. उलट, घेऊन गेलास तर बरंच, म्हणाला.

"कुणाची ऑर्डर?"

"ऑर्डर नाही काका. आपली केली."

"अरे, मग इथे मागे का टाकलीस?"

"मग ठेवू कुठे?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि घरी आलो. पण ते "ठेवू कुठे" काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून हा रविवारचा उद्योग.

पेणची ओळख वाचकांना करून द्यायची गरज नाही. मुंबई-पुण्यातल्या निम्म्याअधिक घरांत आमच्याकडचा गणपती कधी ना कधी बसलेला असतो. शहर आणि भोवतालची हमरापूर, जोहे, कळवे ही गावं याच धंद्यावर उभी आहेत. पूर्वी हे काम मोसमी होतं, आता बारा महिने चालतं. परदेशी जायच्या मूर्ती तर उन्हाळ्यातच रवाना होतात. तेव्हा मूर्तिकार उपाशी आहे असं रडगाणं मी गाणार नाही. तो उपाशी नाही. पण बारा महिने तो एकच काम करतो, आणि त्यातलं बरंचसं काम साच्याचं असतं. साचा भरा, काढा, सांधा घासा, रंगवा. घराण्यातला जो एखादा खरा हाताचा माणूस असतो, तो आयुष्यात एक-दोनदा नवा नमुना घडवतो. त्याचा साचा होतो, साच्यावरून दुसऱ्याने साचा काढला की तिसऱ्याच गावात तीच मूर्ती दिसते, आणि मूळ कुणाची हे पुढच्या वर्षी कुणाला आठवत नाही. मूर्तीवर मूर्तिकाराचं नाव नसतं. असावं, असंही कुणाला वाटत नाही. देवावर नाव कसलं घालायचं?

आणि मग अनंत चतुर्दशी. जे घडवलं ते पाण्यात जातं. त्यात खंत करण्यासारखं काही नाही, तो त्या मूर्तीचा धर्मच आहे. मातीची मूर्ती मातीला मिळाली पाहिजे. पण विचार करून पाहा, एखाद्या माणसाने चाळीस वर्षं रोज मूर्ती घडवली आणि त्याच्या नातवाला दाखवायला त्यातली एकही उरली नाही. गवयाचं गाणं हवेत विरतं, ते निदान ध्वनिमुद्रिकेत तरी सापडतं.

धंदा म्हणूनही हे एकाच खांबावरचं घर आहे. २०२० सालच्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ आमच्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलं. त्याच वर्षी आणि पुढच्याही वर्षी साथीमुळे सरकारने सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची आणि घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली. मोठ्या मूर्ती आधीच तयार करून बसलेल्यांचं काय झालं ते आम्ही पाहिलं आहे. पुढे प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा वाद. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये त्यावर बंदीची भूमिका घेतली. प्रकरण न्यायालयात गेलं. २०२५च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली, पण नदी, तलाव, समुद्रात त्या सोडायच्या नाहीत असं बजावलं. कोण बरोबर, कोण चूक हा आजचा विषय नाही. (माझ्या घरी शाडूचाच येतो, एवढं सांगून ठेवतो, नाहीतर पत्रं येतील.) मुद्दा इतकाच, की एका कागदावर आख्ख्या तालुक्याच्या पोटात गोळा येतो, कारण या हातांना दुसरं काम आम्ही ठेवलेलंच नाही.

दुसरं काम नाही कसं, पुतळे आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत खरे. पण पुतळ्याची निविदा निघते, आणि निविदा निघाली की कमी दरवाल्याला काम मिळतं. गटाराचं काम असं देणं एक वेळ समजू शकतो. शिवाय पुतळा म्हणजे कुणातरी थोर माणसाचा. तो कसा उभा राहील, बोट कुणीकडे करील, हे घडवणाऱ्याने नव्हे, समितीने ठरवायचं. आणि थोरपणाचाही काही भरवसा नसतो. मुंबईच्या रस्त्यांवरचे राजे आणि लाटसाहेब १९६५ मध्ये उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवले. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड त्यातलाच. गंमत म्हणजे लोकांनी त्या चौकाला नाव राजाचं दिलंच नव्हतं, घोड्याचं दिलं होतं. २०१७ मध्ये तिथे पुन्हा एक घोडा बसवला, तो बिनस्वाराचा. मला हे फार बोलकं वाटतं. स्वार पदावरून उतरतात, चांगला घडवलेला घोडा लोक लक्षात ठेवतात.

तर पेणच्या त्या मिठागरातल्या बाईला जागा कुठे, हा प्रश्न. ती देव नाही, म्हणून देव्हाऱ्यात नाही. पुढारी नाही, म्हणून चौकात नाही. मुंबईच्या आर्ट गॅलरीत न्यायची तर भाडं, टेम्पो, आणि तिथे इंग्रजीत बोलणारं कुणीतरी हवं. फ्लॅटमध्ये अडीच फुटांचा दगड घ्यायला कुणी तयार नाही, कारण खाली राहणाऱ्यांची हरकत.

आणि हे कुठल्या जिल्ह्यात? ज्या जिल्ह्यात घारापुरी आहे तिथे! गेटवेवरून बोट सुटते म्हणून लोक घारापुरी मुंबईची समजतात, पण ती आमच्या रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात. तिथली ती तीन मुखांची, सुमारे वीस फुटी मूर्ती ज्यांनी डोंगराच्या पोटात कोरली, त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत. म्हणजे नाव न लिहिण्याची आमची परंपरा फार जुनी म्हणायची. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो हत्ती इंग्रजांनी १८६४ मध्ये विलायतेला न्यायला काढला. उचलताना तो कोसळून फुटला, म्हणून वाचला. त्याचे तुकडे पुढे १९१४ मध्ये जोडले. आज तोही राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. म्हणजे आमचा हत्तीसुद्धा आमच्याकडे नाही.

पण मला ज्याविषयी सांगायचं आहे ते ठिकाण घारापुरी नव्हे, सासवणे. मांडव्याहून अलिबागकडे येताना लागणारं, नारळी-पोफळीत दडलेलं गाव. विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर तिथे १८९१ मध्ये जन्मले. पोरवयात त्यांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावर बसलेल्या शिवरायांचं चित्र काढलं. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड फिरतीवर आले होते, त्यांनी ते पाहिलं. पोराला बोलावून घेतलं आणि पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायची सोय करून दिली. हा प्रसंग आमच्याकडे शाळेत कौतुकाने सांगतात. मी मात्र दरवेळी दुसऱ्याच गोष्टीशी अडखळतो. कलेक्टरसाहेब त्या दिवशी त्या देवळात गेलेच नसते तर? आणि दुसरं, त्या पोराला निदान एक भिंत मिळाली होती. गावाने ती पुसायला लावली नाही. लोकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर चित्र राहिलं, म्हणून ते योग्य माणसाच्या नजरेला पडलं. आमच्या मूर्तिकाराची बाई पडवीत प्लॅस्टिकखाली आहे. तिथे कोणता कलेक्टर येणार?

करमरकर पुढे कलकत्त्याला गेले, लंडनला शिकून आले. पुण्याच्या शिवाजी मिलिटरी स्कूलच्या आवारातला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच, १९२८ सालचा, माझगाव गोदीत एकसंध ओतलेला. एवढं नाव झाल्यावरही माणसाची ओढ सासवण्याची. गावातल्या घरात आणि आवारात त्यांनी आपली मनाजोगती कामं मांडली. शंख फुंकणारा, कोळीण, गावातली माणसं, आणि आवारात बसलेली ती प्रसिद्ध म्हैस. तिला पाहून लांबून फसला नाही असा पाहुणा विरळा. यातल्या कित्येक कामांना त्यांनी साधं सिमेंट वापरलं. कोकणचा पाऊस, खारा वारा, आणि तरी ती टिकली. १९६२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९६७ मध्ये ते गेले. घरच्यांनी ते घर शिल्पालय म्हणून जपलं, लोकांसाठी खुलं ठेवलं. मी चौथीत असताना वडील मला तिथे घेऊन गेले होते. मी म्हशीच्या पाठीवर हात फिरवला तो तापलेला लागला, आणि दचकून मागे घेतला. दगड, धातू, सिमेंट उन्हात तापतं हे काही नवल नव्हे. पण तेवढ्या क्षणापुरती ती म्हैस जिवंत होती.

तेव्हा सांगायचं ते इतकंच, की रायगड जिल्ह्यात एक शिल्पउद्यान झालं पाहिजे. पेण-अलिबागच्या पट्ट्यात कुठेही. कल्पना नवी नाही, सासवण्याच्या त्या अंगणात ती कधीचीच उभी आहे. फक्त एका माणसाच्या जागी अनेक हवीत, आणि एका घराच्या जागी गावाने ती जबाबदारी घ्यायला हवी.

अशी जबाबदारी गावाने घेतल्याची उदाहरणं आहेत. नॉर्वेची राजधानी ऑस्लो. तिथे गुस्ताव व्हिगेलान नावाचा शिल्पकार होता. त्याचं घर ग्रंथालयासाठी पाडायचं नगरपालिकेने ठरवलं. भांडण झालं. शेवटी १९२१ मध्ये करार असा झाला, की नगरपालिकेने त्याला नवी मोठी कार्यशाळा बांधून द्यायची आणि त्याने इथून पुढची आपली सगळी कामं शहराला द्यायची. त्या कराराचं फळ म्हणजे तिथलं उद्यान. दोनशेहून अधिक शिल्पं, सगळी साध्या माणसांची. आई, बाप, भांडणारी पोरं, थकलेले म्हातारे. राजा नाही, सेनापती नाही. मधोमध एकसंध ग्रॅनाइटचा चौदा मीटरचा खांब आणि त्यावर एकमेकांना बिलगून वर चढणाऱ्या १२१ मानवी आकृती. नमुना व्हिगेलानचा, पण तो दगडात उतरवायला तीन पाथरवट १९२९ पासून १९४३ पर्यंत काम करत होते. चौदा वर्षं तीन घरं एका खांबावर चालली. उद्यान कायम खुलं, तिकीट नाही. पाय आपटून रडणारा एक पितळी रंगाचा छोटा पोरगा तिथे फार लाडका आहे. येणारा-जाणारा त्याचा हात धरतो, त्यामुळे त्याचा एक हात सोन्यासारखा चकाकतो.

नॉर्वे श्रीमंत आहे, असं म्हणाल. मग झिंबाब्वे घ्या. तेव्हाचा ऱ्होडेशिया. १९६५ मध्ये तिथल्या गोऱ्या सरकारने परस्पर स्वातंत्र्य जाहीर केलं, त्यावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले आणि तंबाखूची विक्री अडली. टॉम ब्लोमफील्ड नावाच्या तंबाखूवाल्या शेतकऱ्याच्या जमिनीत सर्पेंटाइन हा कोरायला मऊसर, घोटला की चमकणारा दगड होता. मजुरांना द्यायला पैसे नव्हते. त्याने १९६६ मध्ये त्यांना सांगितलं, हा दगड घ्या आणि कोरून बघा. टेंगेनेंगे असं त्या जागेचं नाव. शेतमजुरांचे शिल्पकार झाले. झाडांखाली, उघड्यावर शेकडो शिल्पं मांडलेली. घ्यायचं त्याने तिथेच घ्यायचं. तिथला दगड जगभरच्या संग्रहालयांत पोचला. आणि आपल्याच देशातलं चंडीगड! सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्त्यांचे इन्स्पेक्टर नेकचंद फुटक्या बांगड्या, कपबशा, टाइल्स गोळा करून रानात गुपचूप मूर्ती घडवत राहिले. पंधराएक वर्षांनी सरकारला पत्ता लागला. बेकायदा म्हणून पाडायचं घाटत होतं. पण लोक पाहायला येऊ लागले, आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन म्हणून त्याचं रीतसर उद्घाटन झालं. नेकचंदांना त्यासाठी पगार आणि हाताखाली माणसं दिली. सरकारकडून कधीकधी अशी चूकभूल होते, आणि ती लक्षात ठेवावी.

आता आमच्या उद्यानाचं. जागा म्हणाल, तर सोडून दिलेली एखादी दगडखाण. रस्ते आणि इमारतींसाठी डोंगर खरवडून झाल्यावर ज्या जखमा उघड्या पडल्या आहेत, त्यातली एक. पाच एकर पुरे. खाणीच्या उभ्या काळ्या भिंती शिल्पाच्या मागे पडद्यासारख्या शोभतील, आणि दगड आणायला फार लांब जायला नको. पावसाळ्यात खाणीत साचणारं पाणी कुंपण घालून तसंच ठेवावं.

उद्यानापेक्षा मला तिथली शेड महत्त्वाची वाटते. पत्र्याची, उंच, तिन्ही बाजूंनी उघडी. दरवर्षी दिवाळी ते होळी या कोरड्या चार महिन्यांत दहा-बारा जणांना बोलवायचं. त्यांत निम्मे तरी याच जिल्ह्यातले. दगड, हत्यारं, लोखंडी सांगाडे, सिमेंट उद्यानाने द्यायचं आणि रोजचा मोबदला द्यायचा. मूर्तिकाराला कारखाना बंद ठेवून येता येईल इतका. प्रत्येकाने एक काम उद्यानाला द्यायचं, जास्तीचं केलं तर तिथेच विकायचं. शिल्पाच्या पायाशी मराठीत नाव लिहायचं. घडवणाऱ्याचं, आणि हाताखाली घोटणाऱ्याचंही.

इथे एका अडचणीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. शाडूत काम करणारा हात दगडात लगेच चालत नाही. मातीत आपण भर घालत जातो, दगडात काढत जातो. मातीत चुकलं तर थापून दुरुस्त करता येतं, दगडात नाक उडालं की उडालं. तेव्हा दगड समजणारी माणसं हवीत, आणि ती आहेत. माझ्या लहानपणी आमच्या आळीत 'जात्याला टाकी, पाट्याला टाकी' अशी हाळी घालत एक बाई यायची. पाठीशी झोळीत मूल, हातात छिन्नी-हातोडा. आईशी घासाघीस करून ती उंबऱ्याशी बसायची आणि पाट्यावर बारीक खाचा अशा पाडायची की वाटे पाऊस पडून गेलाय. मिक्सर आला आणि ती हाळी बंद झाली. पाटे-वरवंटे, जाती, उखळं करणारी ती पाथरवटांची घरं आता खडी फोडतात किंवा बांधकामावर आहेत. ज्यांच्या बोटांना दगडाची नस कळते त्यांना आपण खडी फोडायला लावली आहे. शेडमध्ये मूर्तिकाराच्या शेजारी त्यांना बसवा. नमुना याचा, टाकी त्याची. ऑस्लोच्या खांबासारखी.

बोलवायचं कुणाला हे ठरवणाऱ्या समितीत निम्म्याहून अधिक शिल्पकार असावेत. निविदा नको. आणि दोन गोष्टी घटनेतच लिहून ठेवाव्यात. एक, इथे कुठल्याही पुढाऱ्याचा पुतळा बसणार नाही, हयात असो की दिवंगत. दुसरी, पूजेची मूर्तीही नको. यात अनादर नाही. पण एक हळदकुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी उदबत्ती येते, तिसऱ्या दिवशी दानपेटी, आणि वर्षभरात ट्रस्टची निवडणूक. त्यासाठी आपल्याकडे जागांची टंचाई नाही.

पैसे? शेडला, दगडाला आणि मोबदल्याला लागणारा पैसा एखाद्या स्वागतकमानीपेक्षा फार जास्त असेल असं मला वाटत नाही. शिवाय २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के हिस्सा समाजकार्यावर खर्चावा लागतो, आणि त्यात कला-संस्कृती बसते. आमच्या जिल्ह्याने कारखान्यांना जमिनी कमी दिलेल्या नाहीत. फ्रान्समध्ये १९५१ पासून शाळा-कॉलेजच्या नव्या इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलाकृतीसाठी राखला जातो. आपण निदान जिल्ह्यातल्या नव्या सरकारी इमारतींच्या आवारात एक-एक शिल्प या उद्यानातून घ्यायला काय हरकत आहे? दर इमारतीपुढे तेच ते कारंजं, आणि तेही कोरडं, पाहून लोक कंटाळले आहेत.

येणाऱ्यांची चिंता नको. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन रो-रो बोट येते, २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. शनिवारी सकाळी अलिबागच्या रस्त्याला उभं राहून पाहावं. एवढी माणसं येतात, समुद्रात पाय बुडवतात, मासे खातात आणि घोडागाडीत बसून परत जातात. त्यांना दुपारचे दोन तास कुठे घालवायचे हे कळत नसतं.

खरी भीती वेगळीच आहे. एका शहरात, नाव सांगत नाही, मी असंच एक उद्यान पाहिलं होतं. फायबरची हरणं, फायबरचा शेतकरी, फायबरची बैलजोडी. फीत कापली तेव्हा ती चकचकीत होती. तीन वर्षांनी गेलो तर हरणांचे कान गेले होते, शेतकऱ्याच्या पोटातून पाणी झिरपत होतं, आणि रखवालदार बैलाच्या शिंगाला बनियन वाळत घालून झोपला होता. त्याला मी दोष देत नाही, बैलाचा तेवढाच उपयोग उरला होता. ती कामं कुणाची, हे गावात कुणालाच सांगता येईना. कंत्राटदार बाहेरचा होता. आपल्या आळीतल्या माणसाने घडवलेल्या दगडी बैलावर असं बनियन फार दिवस राहिलं नसतं. निदान त्याची आई येऊन भांडली असती.

आणि कृपा करून 'हात लावू नये'च्या पाट्या नकोत. शिल्प हाताने घडतं, ते हाताला कळतं. पोरांना चढू दे, पाठीवर बसू दे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशांसाठी तर याहून चांगली चित्रकला नाही. पुसट झालेलं नाक पुन्हा कोरता येतं, त्यासाठीच तर शेड आहे.

हे सगळं मी घरात मांडलं तेव्हा पत्नीने विचारलं, उद्यान व्हायचं तेव्हा होईल, त्या बाईचं काय? प्रश्न रास्त होता. गणपती गेल्यावर कारखान्यात गेलो. नवा माल ठेवायला जागा हवी म्हणून तिला पडवीतून उचलून गल्लीच्या बाजूला, पाण्याच्या टाकीमागे सरकवलं होतं. मी त्याला म्हटलं, माझ्या अंगणात ठेव, विकत नाही, ठेव म्हणून. हवी तेव्हा घेऊन जा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग हातगाडी आणायला गेला.

गेल्या आठवड्यात ती आली. चौघांनी उतरवली. जांभळाखाली, रस्त्याकडे तोंड करून बसवली आहे. आमची मांजर तिच्या टोपलीत झोपते. सकाळी दूध घालायला येणाऱ्या बाईने पहिल्या दिवशी विचारलं, हा कुठला देव? मी म्हटलं, देव नाही, मिठागरातली बाई आहे. ती किटली खाली ठेवून जवळ गेली, चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "टोपली बरोबर आहे, पण खाली चुंबळ नाय दाखवली. बिनचुंबळीची एवढी टोपली कोण उचलील?"

संध्याकाळी मूर्तिकाराला सांगितलं. रविवारी छिन्नी घेऊन येतो म्हणालाय.